आत्याबाईंच्या दह्यात

न्हाई ओ मावशी, रडत न्हाई मी—ती बाई मघाशी फरशी पुसून गेली न्हाई का, त्या फिनेलच्या वासानं डोळ्यांतनं पाणी येतंय—बसा की, सरकते मी, ह्या बाजूला बसा, त्या टोकाला बाकाचा पाय हलतोय. तुमच्या मालकांना पलीकडच्या खोलीत ठेवलंय ना? खुब्याचं हाड? म्हशीनं पाडलं व्हय—आई गं. आमच्या आत्याबाई त्या, दारातनं दिसत्यात बघा, खिडकीकडची खाट. सासू माझ्या. शालूबाई नाव. व्हय, हात बांधल्यात—सलाईन उपसून टाकत होत्या म्हणून पट्टीनं बांधल्यात, मारकुट्या न्हाईत त्या. पाय मोकळेच हाईत. ते बघा—बघा, उडाले परत. कुणी चिमटा काढल्यासारखे उडत्यात. काय म्हणायचं ह्याला? ज्या गुडघ्यांपायी सगळं कोल्हापूर पालथं घातलं, जे गुडघे दोन पायऱ्या चढायला सुद्धा वाकत नव्हते, ते आता झोपल्या जागी आपसूक नाचतायत. माझ्या मनात आलं, घ्या, सुटले एकदाचे सांधे—आणि मग माझीच मला भीती वाटली, असलं येतंच कसं माणसाच्या मनात.

मी अशी बडबडी न्हाई हं. नेसरीकडची मी, माहेरी सगळे मुकी म्हणत्यात मला. नाव मात्र विद्युल्लता—वीज ठेवलं, निघाली मेणबत्ती, असं आमचे भाऊ म्हणायचे. लग्नात हितल्यांनी बदललं. तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं—संजीवनी. आत्याबाईंनीच निवडलं ते. आता ती निवडणारी बाई बघा आणि ही संजीवनी बघा. हळद अजून पुरती उतरली न्हाई अंगावरची, आणि मी हितं बाकावर बसलीय, आणि कुणाशी तरी बोलले न्हाई तर मला वाटतं छाती फुटंल. तुमची माझी ओळख न्हाई, हे बरं हाय. गाव कुठलं तुमचं? हातकणंगले? —हातकणंगल्यात कुठं? न्हाई, सहज. आमच्या वन्संचं सासर तिथंच, स्टेशनाकडं. त्या जांभळ्या साडीतल्या, खाटेजवळ बसल्यात त्या—क्रांती नाव, आमच्या ह्यांची थोरली बहीण. ओळखत न्हाई ना? शेतात वस्ती तुमची? मग चांगलं. मग बसा.

डॉक्टर म्हणत्यात मेंदूत ताप शिरला असंल. नक्की न्हाई म्हणत्यात. रक्त नेलं, लघवी नेली, मलेरिया न्हाई म्हणाले, उद्या मणक्यात सुई घालून पाणी काढून बघणार. घाम बघा की—तिसरं लुगडं बदललं सकाळपासनं. डोळ्यातली बाहुली एवढी थोरली झालीय, आणि त्या डोळ्यांनी माझ्याकडं बघत्यात, आणि हाक मारत्यात त्यांच्या सासूला, जी मी जन्मायच्या आधी गेली. म्हणत्यात, “आत्याबाई, चूल पेटवली, आता मारू नगासा.” म्हणजे त्या पण कुणाच्या तरी आत्याबाईला भीत होत्या—मला ठावंच नव्हतं. आणि मधनंच कण्हत्यात. कण्हल्या की सिस्टर म्हणती, सांधे दुखत असतील म्हातारीचे, आणि दुखण्याचं इंजेक्शन देती. तेच औषध, जे घरी कॅप्सूलमधनं चालू होतं. सकाळी दिलं. चहाच्या गाडीनंतर परत द्यायचंय. चहाची गाडी आली का ओ? न्हाई अजून. बरं.

आत त्या बसक्या नाकाच्या बाई दिसत्यात न्हाई का, हातात अंगाऱ्याची पुडी घेतलेल्या—त्या चिमणाबाई, आमच्या भिंतीला भिंत लागून घर. काल आत्याबाईंना रिक्षात घालत होतो, तर गल्लीच्या तोंडाला उभ्या राहून सगळ्यांदेखत म्हणाल्या, “माझं ऐक क्रांती, हे दवाखान्याचं दुखणं न्हवं. खाण्यातनं गेलंय. खाण्यातनं घातल्याबिगर माणूस असं उडत न्हाई.” आणि वन्सं माझ्याकडं वळल्या. ओरडल्या न्हाईत हं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, “वैनी, आईचं ताट तुम्हीच वाढता न्हवं?” मी म्हणाले, व्हय. दुसरं काय म्हणणार, मीच वाढते. रात्रभर त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या न्हाईत, आणि आज सकाळी मी डबा आणला तर झाकण उघडून वास घेतला आणि तसाच खिडकीत ठेवला. अजून तिथंच हाय डबा.

आणि मावशी, वाईट काय सांगू? त्या चिमणाबाईला देवऋषीपणातलं काय कळतं मला ठाऊक न्हाई, पण नेम बरोबर लागला की ओ. खाण्यातनंच गेलंय. मीच घातलंय—

अवं, उठू नका, उठू नका! विष न्हाई, देवाशपथ न्हाई, औषध हाय! डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध. बसा. लोक बघतील. पाया पडते, बसा. पिशवी ठेवा खाली. ऐकून घ्या आणि मग खुशाल जावा, मी पदर धरून बसवणार न्हाई. —बघा, कसं झालं? तुमची माझी ओळख ना पाळख, आणि तुम्ही सुद्धा पिशवी उचलली. मग त्यांच्यापुढं तोंड उघडलं तर काय होईल? तेच बघत होते मी. तुम्हाला सांगून बघत होते, शब्द तोंडातनं निघत्यात का.

पहिल्यापासनं सांगते. आत्याबाईंची बोटं बघितलीसा? वाकडी झाल्यात, आल्याच्या कुडीसारखी. गुडघे तसेच, घोटे तसेच. सकाळी उठल्या की दोन्ही हात कोमट पाण्याच्या पातेल्यात घालून बसायच्या, मग कुठं मूठ मिटायची. मी लग्न होऊन आले तवा त्यांचं बोलणं म्हणजे—तिखट म्हणतो न्हाई आपण, तिखटाला निदान चव असती. भाकरी थापली तर म्हणायच्या, नेसरीकडं काय गोवऱ्या थापायला शिकवत्यात का. हळू चालले तर मेल्यागत चालती, भरभर चालले तर माझे गुडघे गेलेत म्हणून नाचून दाखवती. एकदा मी आंघोळीचं पाणी तापवून त्यांच्या पायावर घालत होते, तर डोळे मिटून म्हणाल्या, “मरत का न्हाई गं मी?” माझ्याकडं बघून न्हाई, असंच पाण्याकडं. तवा मला कळलं, की मला बोलत्यात ते माझ्यासाठी न्हवंच, मी आपली वाटेत उभी असती म्हणून मला लागतं. साध्या दुखण्याच्या गोळ्या खाऊन खाऊन पोटात जखम झालेली, परसाकडला काळं पडायला लागलं होतं, म्हणून डॉक्टरांनी त्या बंद केल्या होत्या. राहिला नुसता बाम. बामानं आल्याच्या कुडीचं काय होणार?

मग ह्यांच्या मनात आलं मनाच्या डॉक्टरला दाखवावं. आमचे हे ट्रकवर हाईत, गूळ घेऊन गुजरातला जात्यात, तिथं कुणाच्या तरी आईला गुण आला म्हणून कुणी सांगितलं. आत्याबाईंना सांगितलं नसांच्या डॉक्टरकडं जायचंय. गेल्या बापड्या. तो डॉक्टर माणूस चांगला ओ. म्हणाला, लांबलेल्या दुखण्यानं मन खचतं, आणि खचलेल्या मनाला दुखणं दुप्पट जाणवतं, ह्या कॅप्सूलनं मन सावरंल आणि मग दुखणं पण थोडं मागं हटंल. किती शहाणं बोलला. पण बाहेर पडताना आत्याबाईंनी पाटी वाचली. चौथी शिकल्यात त्या, तेवढं पुरलं. मनोविकार—अक्षर अक्षर लावून वाचलं, आणि तिथंच रस्त्यात, ह्यांच्या हातातलं पाकीट घेतलं आणि गटारात टाकलं. “सयाजी, आईला येडी ठरवून घराबाहेर काढायचा बेत हाय का बायकोचा?” बायकोचा! मी नुसती छत्री धरून उभी होते. मला तर पाटी दिसली पण नव्हती.

तर ह्यांनी दुसरं पाकीट आणलं. आणि मला म्हणाले, तू घालत जा दह्यातनं. दुपारी वाटीभर दही लागतंच त्यांना, साखर घालून. कॅप्सूल म्हणजे काय, दोन टोपड्या एकमेकींत बसवलेल्या, हलकं ओढलं की सुटत्यात, आत चिमूटभर पांढरी पूड. ह्यांनी मला करून दाखवलं—जवारी पेरताना मोघ्यात दाणे सोडावेत तशी बोटं धरून. मी म्हणाले, त्यांना न सांगता? हे म्हणाले, “सांगून घेतली का तिनं? पोराचं औषध आई गुळातनं देती, तसं हे.” मी गप्प बसले. माझं काय चुकतंय तर हेच, कुठंतरी बोलायचं असतं आणि मी गप्प बसते. पुढं ह्यांच्याबरोबर त्या डॉक्टरकडं पाकीट आणायला गेले तवा तो म्हणाला—हे नीट ऐका मावशी, ह्यातच सगळं हाय—तो म्हणाला, दुसऱ्या कुणी डॉक्टरनं दुखण्यावर जोरकस औषध सुरू केलं तर आधी माझ्याकडं या. कधी कधी आम्ही दोन्ही ठरवून देतो, पण मोजून-मापून, एकमेकांना विचारून. न विचारता दोन्ही चढली तर माणूस कापायला लागतं, घाम फुटतो, ताप चढतो, भ्रम होतो. हे पार्किंगचं काय ते बघत होते, त्यांनी ऐकलं का न्हाई देव जाणे. मी ऐकलं.

तर घालायला लागले. पहिले काय दिवस काय न्हाई. दही मोडायचं, साखर घालायची, पूड घालायची, वाटी पुढं ठेवायची, आणि त्या खाताना मी तुळईकडं बघत बसायचं. गल्लीत माझं नाव झालं—सासूला हातानं दही-साखर देणारी सून. चिमणाबाईच कौतुक करायच्या! आणि मग महिन्याभरात, मावशी, बाई बदलली. एकदम न्हाई. आधी नुसतं बोलणं थांबलं. मग एक दिवस मला म्हणाल्या, “ये गं, डोक्याला तेल लावते.” त्या वाकड्या बोटांनी! दुखत असणार की त्यांना, पण लावलं. माझ्या आईनं सुद्धा इतकं हळू लावलं न्हाई कधी. म्हणाल्या, केस छान हाईत, आमच्यात कुणाचे न्हाईत असे. रात्री मी अंथरुणात रडले. हे गुजरातला होते. मी रडले कारण मला आनंद झाला होता, आणि कारण मला ठाऊक होतं की तो हात त्यांचा हाय का त्या पुडीचा, हे मला कधीच कळणार न्हाई.

हसू येतंय ना तुम्हाला? येऊ द्या की. मला पण यायचं.

मग थंडी आली आणि सांध्यांनी परत डोकं वर काढलं. गुडघा सुजून एवढा झाला, नारळाएवढा. मी आणि आत्याबाई हाडाच्या डॉक्टरकडं गेलो. तो पण चांगला माणूस, खोटं कशाला बोलू. त्यानं ह्या नव्या कॅप्सूल दिल्या. म्हणाला, जरा जोरकस आहे, अफूच्या जातीचं औषध आहे, पण पोटाला ते आधीच्या गोळ्यांसारखं लागणार नाही, थोडे दिवस घ्या. आणि मग त्यानं विचारलं. विचारलं ओ त्यानं! “दुसरं कुठलं औषध चालू आहे का?” आणि आत्याबाई म्हणाल्या, “न्हाई ओ डॉक्टर, बाम तेवढा.” अगदी खरं बोलल्या त्या, त्यांच्या समजुतीनं. आणि मी त्यांच्या चपला हातात धरून मागं उभी. माझ्या तोंडात आलं होतं. जिभेवर आलं होतं. पण त्यांच्यासमोर कसं सांगू—की ह्यांना न सांगता मी ह्यांच्या दह्यात येड्याचं औषध घालते? तिथल्या तिथं चप्पल काढून घेतली असती माझ्या हातातनं. मी ठरवलं, नंतर एकटी येऊन सांगेन. आता नवी सून एकटी दवाखान्यात कशाला जाती, ते तुम्ही सांगा. एक दिवस निघाले भाजीच्या निमित्तानं, तर पायऱ्यांवरच चिमणाबाई भेटल्या. “का गं, काय गोड बातमी?” म्हणाल्या. मी म्हणाले न्हाई, मेथी बघायला आले होते. दवाखान्याच्या पायरीवर मेथी! परत आले.

दोन्ही औषधं चांगली हो. त्याचंच मला वाईट वाटतं. दोन चांगल्या घरच्या जावा असतात बघा, वेगळ्या चुलीवर असल्या की गुणाच्या, आणि एका चुलीपुढं बसवल्या की भांडीकुंडी फुटायची वेळ. पण त्यांना एकत्र कुणी बसवलं? मी. आणि बसवताना कुणाला विचारलं? कुणाला न्हाई.

ह्यांचा फोन? यायचा की. पण येतो कुठं—चिमणाबाईंच्या घरी. गल्लीत तेवढाच एक. मी तिथं उभी, चिमणाबाई डाळ निवडत कान देऊन बसलेल्या. हे विचारायचे, “आई दही खाती का?” मी म्हणायचे, व्हय. “मग चालू दे.” आमचं नवरा-बायकोचं बोलणं एवढंच, दह्याचं. चिमणाबाई म्हणायच्या, बाई बाई, एवढ्या लांबनं आईच्या दह्याची काळजी. मी सांगणार कसं तिथं, की अवं नवीन औषध चालू झालंय, तुमचं थांबवू का? एकदा म्हणाले, “दही जरा बंद ठेवू का, थंडी हाय.” तर हे म्हणाले, “अजिबात न्हाई. आई सुधारली त्यानं.” आणि लाईन कटली. आता तर चार दिवस फोन पण न्हाई. तिकडं कुठं असतील, कुठल्या धाब्यावर, कुणाला ठाऊक. त्यांचा एक शब्द असता तर—“मी सांगितलं होतं हिला घालायला”—एवढं एकच वाक्य म्हणायला ते हितं असते, तर मी ह्या बाकावर बसले नसते. आणि ते म्हणतील का, आपल्या बहिणीसमोर? म्हणतील. म्हणतील असं वाटतं. लग्नाला दिवस तरी किती झालेत, मला काय ठाऊक तो माणूस काय म्हणंल ते.

एक सांगायचं राह्यलं. न्हाई—हे राहू दे. —न्हाई, सांगते, तुम्हाला न्हाई सांगितलं तर आत तर सांगणारच न्हाई मी.

एक न्हाई घातली मी. दोन घातल्या. शेवटी शेवटी दोन. ह्यांना ठाऊक न्हाई, डॉक्टरला ठाऊक न्हाई. त्या नव्या औषधानं आत्याबाईंचं दुखणं कमी झालं, पण बाई सुस्तावल्या, पोट बांधलं, तोंड कोरडं पडायचं, आणि परत किरकिर सुरू झाली. तेल लावायचं बंद झालं. परत म्हणाल्या एक दिवस—“नेसरीची गोवरी.” आणि मावशी, मला ते सोसलं न्हाई. आधी सोसलं होतं की, पहिल्यांदा आले तवा सगळं सोसलं होतं. पण मधे गोड खाल्लं न्हवतं का मी. मनाचा डॉक्टर म्हणालाच होता, फरक कमी वाटला तर या, वाढवू. वाढवायचं त्याचंच होतं. मी फक्त त्याच्याकडं जायचं तेवढं गाळलं. दोन टोपड्यांच्या ऐवजी चार उघडल्या, साखर जरा जास्त घातली. म्हणजे सासूचं दुखणं बरं व्हावं म्हणून न्हाई घातलं मी, बघा. माझ्या डोक्यावर परत तो हात यावा म्हणून घातलं.

आणि आला न्हाई. हात कापायला लागले. वाटी धरता येईना. परवा दही सांडलं त्यांच्या अंगावर, आणि मी पुसत होते, तर पाय असे उडाले—आणि मला त्या डॉक्टरचं वाक्य आठवलं, कापरं, घाम, ताप, भ्रम, ओळीनं. त्याच दिवशी बंद केलं मी. आज डब्यात काय न्हाई हं, नुसतं दही हाय, वन्संनी खुशाल वास घ्यावा. पण एकदा घातलेलं अंगातनं लगेच जातं का ओ? जात असतं तर आज ताप उतरला असता. आणि हितं वरनं ते दुसरं औषध देतच हाईत, दुखण्याचं, इंजेक्शनातनं, कारण त्यांना कुणी सांगितलंच न्हाई.

तुम्ही म्हणाल, मग चिठ्ठी दाखव की त्या डॉक्टरची. चिठ्ठी ह्यांच्या ट्रकात. मग म्हणाल, नंतर ज्याच्याकडनं कॅप्सूल आणल्या तो मेडिकलवाला सांगंल. हो, सांगंल की! त्यानं मला एकदा विचारलं होतं, ताई, ह्या कुणासाठी? घरातलं नाव कसं सांगायचं, उद्या गल्लीत येईल बातमी, शालूबाईच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणून—तर मी म्हणाले, माझ्यासाठी. तो बिचारा मान हलवून म्हणाला, नवीन लग्न झालंय न्हवं, होतं असं, बसंल घडी. म्हणजे आता त्याला बोलावला तर तो काय सांगणार? की हीच ती, डोक्याच्या गोळ्या खाणारी, आणि आपल्या गोळ्या सासूला चारल्या हिनं. चिमणाबाईंचं म्हणणं तो एकटा खरं करून जाईल. माझी मीच दोरी वळली, मावशी, आणि पीळ पण चांगला घट्ट दिला.

आमच्या गावात एक झुंबरबाई होती. तिचा सासरा जेवताना घास अडकून गेला. नुसता घास अडकून. ती म्हातारी होऊन मेली तरी तिच्या हातचं पाणी कुणी पीत नव्हतं. मी लहान असताना तिच्या दारातनं पळत जायचे. मी पण. तर मला ठाऊक हाय काय होतं ते. मला पोलिसाची तेवढी भीती न्हाई, खरं सांगते. भीती हीच, की आत्याबाई बऱ्या होऊन घरी आल्या आणि मी वाटी पुढं केली, आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं, तर. आणि बऱ्या झाल्याच न्हाईत तर—

कसला आवाज ओ? चहाची गाडी व्हय. आली.

तुम्ही घ्या चहा. मला न्हाई जायचा. …काय म्हणालात? —व्हय, मला पण तसंच वाटतं. पण तुम्हाला वाटून काय उपयोग, पाय माझे हाईत, आणि ते हलेनात. आत्याबाईंचे उडतायत आणि माझे हलेनात, न्हाई म्हणजे बघा तरी—

ती सिस्टर. ट्रे घेऊन आली. तोच ट्रे. वन्सं उठून बाजूला झाल्या, दंड मोकळा करतायत. सुई वर धरली बघा तिनं—

सिस्टर! ओ सिस्टर, थांबा! टोचू नका! —न्हाई वन्सं, मला वेड लागलं न्हाई, सोडा हात. बाहेर कशाला, हितंच बोलते. चिमणाबाई, तुम्ही कुठं निघालासा? तुम्ही पण थांबा, तुम्हाला ऐकायचं होतं न्हवं? —मावशी, तुम्ही जावा आता मालकांकडं. जावा म्हणते न्हवं. —सिस्टर, ती सुई आधी खाली ठेवा. खाण्यातनंच गेलंय, वन्सं, मीच घातलंय. डॉक्टरांना बोलवा, काय घातलं आणि किती घातलं ते नावासकट सांगते.